मटणावरचं हिरवं लेबल आणि आमची वजडी

युरोप-अमेरिकेतल्या पंडितांना एक सवाल छळतोय. पृथ्वीला कमी ताप देणारं मटण बाजारात आणलं तर गिऱ्हाईक त्याचे किती पैसे जास्त देईल? विद्यापीठं प्रश्नपत्रिका काढतात, माणसं खुणा करतात, आकडा निघतो. त्यांच्या शास्त्रात त्याला म्हणतात पैसे मोजायची तयारी. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याची तयारी शून्य. म्हणजे त्याला पृथ्वीची फिकीरही शून्य! साला, खिसा चाचपायचा आणि म्हणायचं काळीज मोजलं.

सवालाच्या मुळाशी असलेली गोष्ट खरी आहे. गाय, म्हैस, मेंढी रवंथ करतात, पोटात मिथेन होतो, बहुतेक ढेकरेवाटे बाहेर पडतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली माणसाच्या एकूण उत्सर्जनातला १४.५ टक्के वाटा गुराढोरांच्या धंद्यावर टाकला. २०२३ साली नवा हिशेब केला, तो १२ टक्क्यांच्या आसपास. मे महिन्यात भर दुपारी गोदीवर कंटेनरच्या पत्र्याला हात लावा, बाकीचं चामडी सांगेल.

पण खातो कोण? अमेरिकेत माणशी वर्षाला शंभर किलोच्या वर मांस. आपल्याकडे पाच-सहा किलो, तेही सरासरीने.

आणि प्रश्नपत्रिकेत माणूस साधू असतो, दुकानात गिऱ्हाईक. कागदावर हो म्हणतो, काउंटरवर स्वस्त पुडा उचलतो. हे संशोधकच लिहितात. कंपन्यांना मात्र तो कागदावरचा साधू पुरतो. डेन्मार्कच्या डॅनिश क्राउनने २०२० साली डुकराच्या मांसावर ‘हवामान-नियंत्रित’ असा शिक्का मारला. लोक कोर्टात गेले, मार्च २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं, शिक्का दिशाभूल करणारा. अमेरिकेत टायसन कंपनीने २०२३ साली १० टक्के कमी उत्सर्जनाचं बीफ काढलं, सरकारच्या शेतीखात्याच्या मंजुरीने. म्हणजे ९० टक्के जसंच्या तसं, वर पुण्याचा स्टिकर! २०२४ साली त्यांच्यावरही दावा पडला.

ही हवा इकडे येईल तेव्हा सोसायटीच्या गेटवर ‘फक्त शाकाहारी’ लिहिणाऱ्यांना आयतं प्रमाणपत्र मिळेल. कालपर्यंत आम्ही विटाळ होतो, उद्या प्रदूषण. च्यायला, मग तुपाचं काय? २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई-म्हशी ३० कोटींच्या वर निघाल्या. त्या कुणाच्या दुधासाठी, पनीरसाठी, तुपासाठी पोसल्या जातात? दूध देणारी म्हैस ढेकर गिळते काय? तुपाच्या डब्याला कुणी ढेकरेचा भाव लावत नाही.

महाराष्ट्रात २०१५ साली बैल कापणं बंद केलं. पाच वर्षं कैद, दहा हजार दंड. गरिबाच्या ताटातलं स्वस्त बड्याचं त्या कायद्याने उचललं. म्हशीचं गोठवलेलं मांस मात्र न्हावा-शेव्याहून जहाजात चढतं, व्हिएतनामला, मलेशियाला, इजिप्तला जातं. डॉलर आला की विटाळ फिटतो.

आता लंडनची गंमत ऐका. तिथे १९९४ साली सेंट जॉन नावाचं हॉटेल निघालं, नाकापासून शेपटीपर्यंत जनावराचं काही टाकायचं नाही, हे त्याचं तत्त्व. आतडं, काळीज, हाडातला मगज, सगळं ताटात, दाम मोजून. जनावर वाया घालवू नये, हा पृथ्वीचा विचार म्हणे. आमच्या आयांनी वजडी धुतली, मुंडी भाजली, रक्ती शिजवली, चान्या उन्हात वाळवल्या, तेव्हा कुणी विचार म्हणालं नाही. जात म्हणाले.

पण आम्हाला त्याचं मेडलही नको. ते काही आम्ही निवडलेलं नव्हतं. गावाने टाकलेलं ते आमच्या वाट्याचं. म्हणून तर १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. गरिबीला हिरवा रंग देऊन आमच्याच भिंतीवर टांगायचा धंदा कुणी करू नये.

गुजरातेत उना. जुलै २०१६. चार पोरं मेलेल्या गाईचं कातडं काढत होती, म्हणजे वाया जाणारं वाचवत होती. त्यांना गाडीला बांधून पट्ट्यांनी फोडलं. त्यांनी पाठीवर मोजलेलं ‘मोजायची तयारी’च्या कुठल्या रकान्यात मांडता?

गिऱ्हाइकाची नियत तपासणं बंद करा. ढेकर जिथे निघते तिथे वसुली करा. त्याच डेन्मार्कने २०२४ साली ठरवलं, २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर कर, आणि तो जनावरं पाळणाऱ्या धंद्यावर, गिऱ्हाइकाच्या दयेवर नाही. इथे तसा कर आणायचा तर मोठ्या डेअरीवाल्यांपासून, निर्यातवाल्यांपासून आणा. दोन म्हशींवर पोट असलेल्या बाईला त्यातून वगळा. आणि तुपाचा डबाही तराजूवर ठेवा, वजडीच्या शेजारी.