हात त्याचा, तलवार तुमची
ऑनलाइन मिळून अद्भुत कथा रचण्याच्या खेळात शिरणारा नवखा आधी आपल्या पात्राचं पुराण लिहून काढतो: शापित राजपुत्र, अनाथ, पाठीवर गूढ खूण आणि वर अजिंक्य. सगळं आधीच ठरलं, तर बाकीच्यांनी करायचं काय? १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला, तेव्हा पात्राचं काय होणार याचा निकाल फाशांवर होता; १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ हा संगणकावरचा खेळ लिहायला घेतला, तेव्हा तो निकाल संगणकाकडे गेला. निव्वळ लेखी खेळात फासे नसले, तर सगळी भिस्त समोरच्यावर. म्हणून ‘मी तलवार उगारली’ इथंच थांबावं; ‘तुझा हात तुटला’ लिहू नये. हात त्याचा आहे, तुटायचा की नाही ते तोच ठरवील. कोकणातल्या दशावतारात लिखित संहिता नसते, समोरच्या नटाचं बोलणं ऐकून आपलं वाक्य सुचावं लागतं, इथंही तेच. शिवाय शेवटी दुसऱ्याला धरायला काहीतरी सोडावं: दारावरची थाप, अर्धवट उत्तर, न फेडलेली उधारी. ‘ती उदासपणे खिडकीबाहेर बघत राहिली’ यावर कोणी काय लिहिणार, कपाळ! मला विचाराल तर पहिलं पात्र खानावळवाल्याचं घ्यावं. त्याच्याकडे सगळेच येतात, आणि राक्षस त्याला मारावा लागत नाही.