गावची पाणीतपासणी मोडू देऊ नका

मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, पाण्यासाठी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यात अख्खा महाराष्ट्र लातूरच्या मदतीला धावला. लातूरकरही हातावर हात ठेवून बसले नाहीत. ‘जलयुक्त लातूर’ म्हणत त्यांनी वर्गणी काढली आणि मांजरेतला गाळ उपसला.

जून २०२४ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, मुगाव तांड्यावर, पाणी होतं. तेही विहिरीचं. तेच दूषित पाणी पिऊन नव्वदहून अधिक माणसं आजारी पडली.

पाणी नसलं की ते सगळ्यांना दिसतं. रांगा लागतात, मोर्चे निघतात, टँकर येतात. पण पाणी बिघडलं की ते कुणालाच दिसत नाही. दिसतं ते थेट दवाखान्यात. हे आधीच ओळखणारी एक व्यवस्था आपल्या गावात आहे. ती आपण जपली पाहिजे, एवढंच सांगायला हा लेख लिहितो आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं वचन. त्याच योजनेत आणखी एक तरतूद आहे: प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं आणि त्यांच्या हाती तपासणीचं किट द्यायचं. जोडीला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. त्यानं नमुने प्रयोगशाळेत पोहोचवायचे. पाठीशी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, जिल्हा परिषद आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका मोठा. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड राखणाऱ्या ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड. म्हणजे राज्यानं चौकट उभी केली आहे. तिच्यात जीव ओततात ती गावातली माणसं.

या पाच बाया नेमकं काय करतात, ते जवळून पाहा. छोट्या बाटलीत आधीच औषध भरलेलं असतं. नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली एक-दोन दिवस घरातच ठेवायची. पाणी काळं पडलं की समजायचं, त्यात मैल्याचे जंतू आहेत. क्लोरीनची तपासणी तर मिनिटाची. गावातल्या अगदी शेवटच्या नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे, म्हणजे ओटीचे, थेंब टाकायचे. पिवळी छटा आली तर क्लोरीन शेवटपर्यंत पोहोचलंय. पाणी जसंच्या तसं राहिलं तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कमी पडली, जुनी निघाली किंवा वाटेत कुठे तरी पाइप फुटून गटाराचं पाणी आत शिरतंय. टीसीएल टाकण्याचीही रीत असते: बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची आणि किमान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं. पोतं ओलीत पडलं की पावडरीतला दम जातो. मग ती कितीही टाका, उपयोग नाही.

काही दोष टीसीएलनं जात नाहीत, उकळूनही जात नाहीत. किनवट-माहूर भागात बोअर आणि हापशाच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की पोरांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. पाणी दिसायला काचेसारखं असतं, चवीलाही गोड लागतं. तपासल्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नाही. कळलं तर तो हापसा पिण्यासाठी बंद करून पर्यायी स्रोत मागता येतो.

एवढं मोलाचं काम मोडतं मात्र अगदी साध्या कारणांनी. किटमधल्या रसायनांची मुदत संपते आणि नवी येत नाहीत. शिकलेली सून गाव सोडून पुण्या-मुंबईला जाते, तिच्या जागी दुसरी कुणी शिकत नाही. मानधन रखडतं. नमुन्याचा अहवाल तालुक्याच्या फायलीत राहतो, गावाला त्याचा पत्ताच नसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पाणी खराब आहे असं सांगणाऱ्या बाईलाच ‘गावाची बदनामी करते’ म्हणून गप्प बसवलं जातं. आजार लपवून गावाची अब्रू राहत नाही.

म्हणून सरकारकडे आमचं मागणं स्पष्ट आहे. किटची रसायनं मुदत संपण्याआधी गावात पोहोचवा. महिलांचं आणि जलसुरक्षकांचं मानधन वेळेवर द्या. दरवर्षी नव्या बायांना प्रशिक्षण द्या. प्रयोगशाळेचा अहवाल थेट गावाला, मराठीत आणि लगेच कळवा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. पाण्याला पहिला मान देण्याची ही रीत पुढेही सुटता कामा नये.

सरपंचांनो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, किट कपाटात असेल तर आजच बाहेर काढा, मुदत बघा. शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनो, बाईंनो, वर्गातल्या पोरांना ओटीची तपासणी करून दाखवा. ती घरी जाऊन आईला सांगतील. बचत गटातल्या भगिनींनो, पाचांपैकी एक जागा रिकामी असेल तर पुढे व्हा. वाडी-तांडा मूळ गावापासून लांब असला तरी तिथली विहीर तपासणीतून सुटू देऊ नका.

आणि आपण सगळ्यांनी पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच म्हणायचं: आपल्या गावच्या पाण्याचा ताजा अहवाल वाचून दाखवा. अहवाल असेल तर तो चावडीवर लावा, तपासणाऱ्या पाचही जणींचा सत्कार करा. नसेल तर तपासणीची तारीख त्याच सभेत ठरवून ठरावात लिहून घ्या आणि तिचा पाठपुरावा करा. नांदेड-लातूरच्या प्रत्येक गावात येत्या पावसाळ्याआधी हा एक ठराव झाला, तर ही व्यवस्था वाचेल आणि पुढचा मुगाव तांडा टळेल.