लांब गाळ्याची कडी आणि व्यापाऱ्याचा शब्द

पूर्वी आपल्याकडे घराचे माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. घर तीन खणांचे की पाच खणांचे एवढे कळले, की यजमानाची ऐपत कळे. खोलीची रुंदी मात्र यजमानाच्या इच्छेपेक्षा वखारीत मिळणाऱ्या सागाच्या तुळईवर ठरे. लांब, सरळ आणि निर्दोष तुळई दुर्मिळ. म्हणून जुन्या वाड्यांच्या सोप्यात खांबांच्या ओळी दिसतात. त्या जितक्या शोभेच्या, तितक्याच गरजेच्या होत्या.

आज आपल्या गावांत नव्या घरांना बहुधा काँक्रीटची स्लॅब पडते आणि कडीपाटाचा प्रश्न संपला असे वाटते. तथापि तो संपलेला नाही. आपल्यांपैकी अनेकांची मुलेबाळे अमेरिकेत वा कॅनडात घरे घेतात. तेथील बहुसंख्य घरांच्या जमिनी आजही लाकडी कड्यांवर उभ्या असतात. इकडे गोव्यातील व कोकणातील जुन्या घरांची दुरुस्ती, दुकानांतील पोटमाळे, यांनाही लाकूड लागतेच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या इमारतींत घातलेली लाकडाची बंदी २०२० साली उठविली. तेव्हा कारखान्यात घडविलेल्या लाकडाचा हा माल आपल्या वखारींच्या दाराशी येणार, हे धरून चालावे.

हा माल मुख्यत्वे तीन प्रकारचा आहे. फळ्यांचे थर एकमेकांवर चिकटवून केलेली तुळई हा पहिला. तिचे पेटंट जर्मनीत ऑटो हेट्झर यांनी १९०६ साली घेतले. लाकडाचे पातळ पापुद्रे एकाच दिशेने लावून चिकटविलेले लाकूड हा दुसरा. तिसरा म्हणजे इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराची कडी; ती अमेरिकेत १९६९ साली बाजारात आली. तिच्या वर व खाली भक्कम पट्ट्या असतात आणि मध्ये लाकडाच्या चिपांचा पातळ, उभा तक्ता असतो. कडी वाकते तेव्हा खरा ताण वरच्या व खालच्या कडांवर येतो, मध्यावर थोडा येतो. म्हणून लाकूड जेथे हवे तेथेच ठेवले आहे. अशी कडी हलकी, सरळ आणि हव्या त्या लांबीची मिळते.

येथे आमचे मुख्य म्हणणे मांडतो. गिऱ्हाईक विचारते, “ही कडी मोडणार नाही ना?” आणि विक्रेता छातीवर हात ठेवून सांगतो, “मुळीच नाही.” दोघेही प्रामाणिक असतात, पण प्रश्नच अपुरा आहे. लांब गाळ्यात कडी मोडण्याच्या फार आधी ती वाकते आणि हलते. दर फुटास भार तोच आणि कडीही तीच ठेवून गाळा १२ फुटांचा १६ फूट केला, तर वाक तिपटीहून अधिक होतो. गाळा दुप्पट केला तर सोळापट. उलट साध्या कडीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पटच वाढतो, पण उंची दुप्पट केली तर आठपट वाढतो. म्हणून लांब गाळ्याला रुंद नव्हे, उंच कडी घ्यावी.

अमेरिकी नियमाप्रमाणे माणसे व सामान यांच्या भाराने राहत्या खोलीची जमीन गाळ्याच्या ३६०व्या हिश्श्याहून अधिक वाकू नये. १५ फुटांच्या गाळ्यात हे अर्धा इंच, म्हणजे ४ सूत होते. नियम पाळला गेला तरी कोणी चालले की कपाटातील भांडी किणकिणतात आणि घरातील वृद्धांना पायाखाली अस्थैर्य वाटते. त्यासाठी जाणते बांधकाम करणारे ४८०वा हिस्सा धरतात. तेव्हा मर्यादा ३ सूत होते. ह्या एका सुतासाठी कडी उंच घ्यावी लागते किंवा कड्यांमधील अंतर कमी करावे लागते, आणि खर्च वाढतो. तो करावा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावे. पण त्याला हा फरक सांगणे विक्रेत्याचे काम आहे.

ह्या मालाचे दोषही सांगितले पाहिजेत. ‘आय’ कडीच्या वरच्या-खालच्या पट्टीला कधीही खाच पाडू नये. नळ वा तारांसाठी भोक पाडायचे ते मधल्या तक्त्यातच, आणि कारखान्याच्या तक्त्यात दिलेल्या मापाने व जागी. उघड्यावर भिजत ठेवल्यास तक्ता फुगतो. कोकणच्या पावसात आणि वाळवीच्या मुलखात ही काळजी दुप्पट. आगीत पातळ तक्ता लवकर जळतो. म्हणून अमेरिकेच्या २०१२ च्या आदर्श गृहनियमावलीत अशा कड्यांना खालून जिप्समचा अर्ध्या इंचाचा तक्ता किंवा तत्सम संरक्षण सांगितले आहे.

सागाची तुळई गिऱ्हाईक हाताने ठोकून, रेषा पाहून पारखू शकत असे. डिंक मात्र कोणाला दिसत नाही. ओलाव्यात टिकणारा कोणता आणि सुटणारा कोणता, हे छापावरून आणि विक्रेत्याच्या शब्दावरूनच कळते. आपल्या आचार्यांनी अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाइतकाच प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हलका माल देणे, निंद्य मानला आहे. साध्या डिंकाचा माल पाण्यात टिकणारा म्हणून देणे हाच तो व्यवहार होय, मग पावती कितीही चोख असो.

आणखी एक विचार. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे. लाकडाच्या व्यापारातील जैन कुटुंबांना हे शल्य नवे नाही. मोठ्या तुळईसाठी जुना वृक्ष पडावा लागतो. पापुद्र्यांचे लाकूड शेताच्या बांधावर वाढविलेल्या नीलगिरीचे वा पॉप्लरचेही होते. यामुळे दोष नाहीसा होतो असे आम्ही म्हणत नाही. तो कमी करता येतो, एवढेच म्हणतो.

म्हणून वखारवाल्या बांधवांस आमची विनंती आहे. कडी विकण्यापूर्वी गाळा किती, वर काय ठेवणार आणि ओल कोठून येणार, हे तीन प्रश्न विचारावेत. कारखान्याचा तक्ता गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. आणि वाक किती सूत पडेल ते पावतीवर लिहावे. घर बांधणाऱ्या सभासदांनीही भावाआधी हाच आकडा विचारावा. तुळईची लांबी आता वृक्षावर अवलंबून उरलेली नाही. तिच्यावरील विश्वास मात्र पूर्वीइतकाच विकणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून आहे.