तारे मोजून पोट भरत नाही

कोल्हापूरला जायचं ठरलं की हल्ली अंबाबाईच्या दर्शनाआधी हॉटेलांची यादी तयार होते. घरातला एखादा तरबेज भाचा फोनवर शोधाशोध करतो, चार पूर्णांक तीन तारे, चार पूर्णांक पाच तारे अशी उतरंड लावतो आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून देतो. सगळे 'मस्त' म्हणतात. मग सोळा जणांची पलटण त्या तारांकित ठिकाणी पोचते आणि मागवते काय, तर पनीर बटर मसाला, तंदुरी रोटी आणि पोरांसाठी हाका नूडल्स. परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या आसपास कुणीतरी म्हणतंच, "कोल्हापूरचं एवढं नाव ऐकलं होतं, पण खास काही वाटलं नाही बुवा."

माझं म्हणणं असं की परक्या गावात आधी हॉटेल शोधायला बसणं हीच गफलत आहे. आधी त्या गावाचा पदार्थ धरावा, तो तिथली माणसं कुठल्या वेळी, कुठल्या वारी, कुठल्या ऋतूत खातात ते विचारावं. एवढं कळलं की हॉटेल शोधायला फार त्रास पडत नाही. पण मंडनाआधी पूर्वपक्षाचं ऐकून घेतलं पाहिजे, आणि पूर्वपक्ष बराच बोलका आहे.

पहिला मुद्दा अर्थातच ताऱ्यांचा. 'हजारो लोकांनी चांगलं म्हटलंय, ते काय सगळे वेडे?' वेडे नाहीत. पण ते कशाला चांगलं म्हणतायत ते बघा. खाण्याच्या ठिकाणांना तारे देण्याची रीत जगभर रुळवली ती मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने. १९०० साली तिने मोटारवाल्यांसाठी फुकट पुस्तिका काढली. हेतू रोकडा होता: लोक जास्त हिंडतील, टायर जास्त झिजतील. १९२६ पासून ती पुस्तिका तारे देऊ लागली. धंद्याची सोय होती खरी, पण तिचा निरीक्षक पगारी आणि जाणकार असतो, ओळख न देता जेवतो आणि बिल चुकतं करतो. फोनवरचा तारा कोण देतं? पार्किंग मिळालं नाही म्हणून चिडलेले गृहस्थ, वाढदिवसाला वेटरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून खूश झालेलं कुटुंब, आणि 'पाच तारे द्या, गुलाबजाम फुकट' असा कागद बिलासोबत आला म्हणून तिथल्या तिथे बोट दाबणारे आपण सगळे. चव, एसी, बेसिनची स्वच्छता आणि मालकाचा स्वभाव यांची एकत्र सरासरी काढली तर त्या आकड्यातून रश्श्याबद्दल काय कळणार?

तरीही अभिप्राय टाकून देऊ नयेत. ते उलटे वाचावेत. आकडा सोडून एका ताऱ्याच्या तक्रारींपाशी जावं. "साडेबाराला गेलो तर सगळं संपलं होतं." "दोनच पदार्थ मिळतात." "पनीर विचारलं तर हसले." याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. मात्र 'पोट बिघडलं' असं तीन-चार जणांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलं असेल, तर तिथून गुपचूप निघावं.

दुसरा मुद्दा अनुभवी माणसांचा: 'फोन ठेवा, स्थानिकांना विचारा.' सल्ला बरोबर, प्रश्न चुकीचा. "इथं चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की समोरचा आपल्याला पाहुणा समजतो आणि पाहुण्याला न्यायच्या जागेचं नाव सांगतो. ती जागा म्हणजे बहुधा लॉनवाली, साखरपुडे होणारी. स्टेशनवरचा रिक्षावाला नाव सांगतो त्यात कधीकधी त्याची चिरीमिरीही असते. त्याला दोष देत नाही, त्याचंही पोट आहे. प्रश्न असा हवा: "घरून डबा आणला नाही तर तुम्ही कुठं जेवता?" लॉजच्या काउंटरवरच्या माणसाला हे विचारून बघा. क्षणभर तो तुमच्याकडे बघेल, तुम्हाला तिथं चालेल का याचा अंदाज घेईल, आणि मग गल्लीचं नाव सांगेल.

'गर्दी असेल तिथं शिरावं' हा तिसरा मुद्दा अर्धा खरा. गर्दी कुणाची, हे बाहेर उभ्या गाड्यांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. कोल्हापुरात एमएच ०९ च्या दुचाकी दाटीवाटीने लागल्या असतील तर खुशाल आत जा. एमएच १२, १४ आणि ०४ च्या मोटारींचीच रांग असेल, तर पुण्या-ठाण्याचेच लोक एकमेकांकडे बघून आत शिरतायत एवढाच त्याचा अर्थ.

याच्या उलट एक पंथ आहे. जागा जितकी कळकट तितकी चव अस्सल, अशी त्याची श्रद्धा. ही गरिबीची हौस आहे, तिचा चवीशी संबंध नाही. भांडी कुठल्या पाण्यात विसळतात आणि पुसायचं फडकं कुठल्या रंगाचं आहे, हे बघायला लाज कसली? पण स्वच्छता म्हणजे काचेचं दार, हेही खरं नव्हे. दोनशे पदार्थांचं मेनूकार्ड घ्या. एवढे पदार्थ रोज ताजे करणं शक्यच नाही. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन-चार ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात. ऑर्डर येईल तसं त्यात पनीर, काजू किंवा वाटाणे पडतात आणि नाव बदलतं. त्यातलंच एक नाव 'व्हेज कोल्हापुरी'. देशभर मिळणारी ही लालभडक भाजी कोल्हापूरच्या घरात शोधूनही सापडायची नाही.

आता मंडन. कोल्हापूरच घेऊ. तिथं सकाळ मिसळीची. दुकानात शिरल्यावर आधी वाढणाऱ्याकडे बघावं: मटकीवर शेव-चिवडा, कांदा पडतो, मग तो पळीच्या पाठीने तवंग बाजूला सारून खालचा कट घेतो आणि शेवटी तवंगाचा एक ओघळ वरून सोडतो. सोबत पाव नसतो, स्लाइस ब्रेड असतो, आणि पुणेकर हमखास इथं नाक मुरडतात. मुरडू नये, तो ब्रेड कट पिण्यासाठीच आहे. बऱ्याच ठिकाणी दुपारपर्यंत कट आटपतो. संध्याकाळी सहाला मिसळ मागून मग 'दम नाही' म्हणणाऱ्याने दोष घड्याळाला द्यावा.

दुपार मटणाची, त्यातही बुधवार, शुक्रवार, रविवार. घराघरांतले खाण्याचे वार हेच, त्यामुळे त्या दिवशी माल खपतो आणि ताजा येतो. खाणावळीची परीक्षा तांबड्या रश्श्यावर करू नये, तिखटाखाली बरंच काही झाकता येतं. पांढरा मागवावा. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, खडा मसाला. हळद नाही, लाल तिखट नाही. लपायला जागाच नाही. नारळाचं दूध पुन्हापुन्हा उकळलं की फुटतं, म्हणून दुपारचा रस्सा रात्रीपर्यंत ताणलेला असेल तर वाटीत डोकावलं तरी कळतं.

हेच पंचांग सगळीकडे चालतं. मालवणला जुलैत जाऊन सुरमईचा हट्ट धरणाऱ्यांची मला गंमत वाटते. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मग ताटातली मोठी सुरमई बर्फातली किंवा परगावची असण्याचीच शक्यता जास्त. त्या दिवसांत खाडीतलं काय आलंय ते विचारावं, सुक्या मासळीची किसमूर मागावी. लखनौच्या चौकातली मक्खन मलाई थंडीतल्या सकाळीच भेटते. इंदूरच्या सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्यावर खाण्याची लागतात. दुपारी तिथं गेलात तर फक्त बांगड्या दिसतील.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार: 'सोबत ऐंशी वर्षांची आजी आहे, तिला पथ्य आहे, पोरं तिखट खात नाहीत, तुमचं पंचांग घेऊन काय करू?' मान्य. आजीला टेकून बसायला खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह हवं. तिथं मी तारे बघून एसी हॉटेलात जाईन आणि दहीभात मागवीन. पण त्यासाठी सोळाच्या सोळा जणांनी दोन्ही वेळा तिथंच बसायची गरज नाही. एका जेवणापुरती पलटण फोडावी. आणि पोरांचं म्हणाल तर संध्याकाळी त्यांना गंगावेशीत न्या. म्हशी समोर उभ्या असतात, धार काढतात आणि फेसाळ दूध तिथल्या तिथे पेल्यात देतात. कच्चं दूध आजीला देऊ नका. पोरांनाही सोसत नसेल तर नुसती धार बघू द्या, आणि स्वतः एक पेला घ्या.