मानधनाचे सोवळे

साहित्याच्या चर्चेत आयकराचे काय काम, असे ज्यांना वाटेल त्यांच्याशीच आम्हांला भांडायचे आहे. कवीच्या एकटेपणावर, लेखकाच्या बांधिलकीवर, अनुवादकाच्या अदृश्यतेवर आपल्याकडे दोन-दोन दिवसांची चर्चासत्रे होतात. ह्या तिघांना पैसे किती मिळतात, केव्हा मिळतात आणि त्यांवरचा कर ते कसा भरतात, हा विषय मात्र चहाच्या सुटीतही निघत नाही. निघालाच तर कुणीतरी हसून म्हणते, "तेवढं उत्पन्न तरी होऊ दे!" ह्या हसण्यात नम्रता आहे अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. आता ती राहिलेली नाही. ते हसणे सोवळ्यातले आहे, आणि त्या सोवळ्याचे नाव 'मानधन'.

आमच्यापैकी काहीजण भाषांतर आणि मुद्रितशोधन करून पोट भरतात. नोकरदाराचा कर त्याच्या पगारातून दरमहा परस्पर कापला जातो. आमच्यासारख्यांनी तो स्वतःच, वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधून, आगाऊ भरायचा असतो. कापून गेलेली रक्कम वजा जाता वर्षाचा देय कर दहा हजार रुपये वा त्याहून अधिक होत असेल तर चार हप्ते ठरलेले: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण. हप्ता कमी पडला की तुटीवर दरमहा एक टक्का व्याज.

मराठी प्रकाशनव्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे त्याने सांगावे, जूनमध्ये अनुवादकाला आपले वर्षाचे उत्पन्न कसे कळावे? मजकूर ऑगस्टमध्ये द्यायचा, प्रकाशक दिवाळीनंतर 'पाहू' म्हणणार, आणि पैसे मार्चअखेर येणार की पुढच्या दिवाळीत, हे त्यालाही ठाऊक नसणार. कायद्याला अनिश्चितता समजतच नाही असेही नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २३४सीने काही उत्पन्नांचा अंदाज करता येत नाही हे मान्य केले. ती हाती आल्यावर उरलेल्या हप्त्यांत कर भरला म्हणजे व्याज लागत नाही. कोणती ही उत्पन्ने? भांडवली नफा, लाभांश, प्रथमच सुरू केलेल्या धंद्याची कमाई. शिवाय लॉटरी, घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांचे डाव आणि (हे आम्ही रचलेले नाही) शब्दकोडी. शब्दकोडे सोडवून बक्षीस मिळवणाऱ्याचे उत्पन्न अकल्पित असते. एका भाषेतले शब्द दुसरीत बसवण्यासाठी वर्ष घालवणाऱ्याचे मात्र, पहिले वर्ष सरले की, पगारासारखे नियमित धरले जाते.

ह्याहून उद्बोधक आहे ती व्यवसायांची यादी. २०१६ च्या वित्त अधिनियमाने आलेल्या कलम ४४एडीएने लहान व्यावसायिकांना मोठा दिलासा दिला. एकूण प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, हिशेबाच्या वह्यांची कटकट नाही, आणि चार हप्त्यांऐवजी १५ मार्चचा एकच हप्ता. हा दिलासा विनिर्दिष्ट व्यवसायांनाच. वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार. अधिसूचनेने जोडलेले कंपनी सचिव, माहिती-तंत्रज्ञानवाले आणि 'चित्रपट कलावंत'. ह्या शेवटच्या शब्दाची व्याख्या १९६२ च्या आयकर नियमांपैकी ६एफ ह्या नियमात आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती एकदा वाचावीच. तीत नट, छायालेखक, दिग्दर्शक, संकलक, गायक तर आहेतच. शिवाय गीतकार आहे, कथालेखक आहे, पटकथालेखक आहे, संवादलेखक आहे, वेशभूषाकारही आहे. अट एकच: काम चित्रपटनिर्मितीतले हवे.

म्हणजे कवीने पडद्यासाठी गाणे लिहिले की त्याला व्यवसाय आहे. त्याच आठवड्यात संग्रहासाठी कविता लिहिली की नाही. कथा पटकथेच्या दिशेने निघाली तर कायदा तिला ओळखतो, मासिकाच्या दिशेने निघाली तर ओळख देत नाही. कादंबरीकार, अनुवादक, मुद्रितशोधक, चित्रकार ह्यांची नावे त्या यादीत नाहीत. मग त्यांनी लहान धंद्यांसाठीच्या कलम ४४एडीखाली जावे काय? तिथे 'धंदा' लागतो, आणि भाषांतर हा धंदा की व्यवसाय ह्यावर करसल्लागारांचे एकमत नाही. आम्हांला पैसे देणाऱ्यांना मात्र असा संभ्रम क्वचितच पडतो. ते बहुधा 'व्यावसायिक सेवा' ह्या नावाखाली दहा टक्के कापून उरलेले पाठवतात. कापताना आम्ही व्यावसायिक असतो. सवलतीच्या दारात उभे राहिलो की कोण, ते ठरायचे असते.

लेखकांसाठी कायद्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००३ च्या वित्त अधिनियमाने कलम ८०क्यूक्यूबी आणले: साहित्यिक, कलाविषयक वा वैज्ञानिक पुस्तकाच्या स्वामित्वधनावर तीन लाखांपर्यंत वजावट. मराठी लेखकाला तीन लाखांचे स्वामित्वधन देणारा प्रकाशक कुठे भेटतो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. पण 'पुस्तक' कशाला म्हणायचे नाही, ह्याची यादी त्या कलमात आहे. शालेय पाठ्यपुस्तके नाहीत, मार्गदर्शके नाहीत, नियतकालिके नाहीत, दैनंदिनी नाहीत आणि 'कॉमेंटरीज' नाहीत. भाष्यग्रंथ नाहीत! करतज्ज्ञ म्हणतील, तिथे कायद्याच्या पुस्तकांवरील टीपा अभिप्रेत असाव्यात. असतीलही. शब्द मात्र आहे तो आहे, आणि त्याच्या सरळ अर्थाने शके १२१२ ची भावार्थदीपिका हे पुस्तक ठरत नाही. टीकेचा वर्ग घेणाऱ्यांना ह्या कलमाबद्दल एक शब्द लिहावासा वाटला असेल, तर तो आमच्या वाचनात आलेला नाही.

त्याच कायद्यात कलम १०(१७ए) आहे. लोकहितार्थ स्थापन केलेला सरकारी अथवा केंद्राने मान्य केलेला पुरस्कार करमुक्त असतो. सत्काराची रक्कम शुद्ध, कामाची रक्कम करपात्र. पुरस्कार करपात्र करा अशी आमची मागणी नाही. पण ही विभागणी कायद्याच्या मसुदाकारांनी हवेतून आणलेली नाही. कामाचे पैसे मागणारा लेखक किंचित हलका आणि शाल-श्रीफळ घेणारा वंद्य, हा आमचाच जुना संस्कार आहे.

इथे आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर देय कर शून्य झाला. मग हप्ते भरणारे मराठी लेखक-अनुवादक उरले किती? थोडेच. (त्या प्रणालीत ८०क्यूक्यूबीची वजावट मिळत नाही, हेही जाता जाता नोंदवू.) पण शून्य कर असला तरी कापलेले दहा टक्के परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते, आणि त्यात आपण कोण हे एका संकेतांकाने सांगावे लागते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लावण्यासाठी २०२५ मध्ये जो नवा आयकर कायदा झाला, त्यात 'मागील वर्ष' आणि 'निर्धारण वर्ष' ही गोंधळाची जोडी जाऊन 'करवर्ष' आले, कलमांचे आकडे बदलले, भाषा सोपी केली असे सांगितले गेले. आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो. आमचा वाद पैशांच्या रकमेशी असता तर तो बारा लाखांवर मिटला असता.

तो वाद एका घरात मांडून पाहू. वांगणी म्हटले की पुण्या-मुंबईकडच्यांना कर्जत मार्गावरचे रेल्वेस्थानक आठवते. आम्हांला हवी आहे ती जव्हार-मोखाडा भागातली, पालघर जिल्ह्यातली. तिथले एक आदिवासी कुटुंब कल्पा. वडील भात, नागली, वरई पिकवतात. ते शेतीचे उत्पन्न, म्हणून आयकरातून मुक्त. मुलगा मराठी घेऊन एम. ए. करतो, वारली चित्रे काढून विकतो आणि अधूनमधून भाषांतरे करतो. नागालँड, मिझोराम, अरुणाचल प्रदेश इत्यादी ईशान्येकडच्या भागांत आणि लडाखमध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या लोकांना तिथल्या उत्पन्नावर १९६१ च्या कायद्याच्या कलम १०(२६) प्रमाणे आयकर लागत नव्हता. जव्हार-मोखाडा हे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतले क्षेत्र. त्याला ती सूट नव्हती. तेव्हा ह्या मुलाची चित्रे आणि त्यांतल्या आकृत्या उचलून कपबशांवर छापणाऱ्या कारखानदाराचा नफा, दोन्ही एकाच शीर्षाखाली येतात. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. त्याआधी २०११ मध्ये जिव्या सोमा म्हसे ह्यांना पद्मश्री मिळाली होती. चित्रकाराला पद्मश्री देता येते. व्यवसायांच्या यादीत बसवता येत नाही.

आता त्याच घरातली बहीण. ती अंगणवाडी सेविका आहे. तिला दरमहा मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आमच्या लाडक्या शब्दाचा खरा उपयोग इथे कळतो. काम रोजचे, हजेरी रोजची, अहवाल रोजचे. पण शब्द 'मानधन' असल्यामुळे ती नोकर ठरत नाही, आणि नोकर नाही म्हणून वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात म्हटले की उपदानाच्या १९७२ च्या कायद्यापुरते हे मानधन म्हणजे वेतनच होय. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या. मानधन ह्या एका शब्दाने आपले काय काय हिरावले आहे, हे मराठीच्या कुठल्याही विभागापेक्षा त्यांना अधिक नेमके समजले होते. शब्दार्थाची ही परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. आम्ही बसलोही नाही.

ह्याच परिसरात, डहाणू-उंबरगावकडे, १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०, साहित्य अकादमी पुरस्कार १९७२) आपण वर्गात शिकवतो, त्यातल्या निवेदनाची चर्चा करतो. त्या लढ्यातली एक मागणी गवतकापणीच्या दराची होती: इतके वजन गवत, इतकी मजुरी. वेठबिगाराचे हाल आणि मराठी लेखकाची कुचंबणा ह्यांची तुलना करण्याइतके आम्ही निर्लज्ज नाही. पण ज्यांना अक्षरओळखही करू दिली नव्हती त्यांना कामाचा दर सांगता आला, आणि पदव्यांची माळ गळ्यात घातलेल्या आम्हांला पानाचा दर उच्चारताना घाम फुटतो, ह्यात शिकवण्यासारखे काही आहे की नाही?

'सेवा', 'प्रेमापोटी', 'अंक तोट्यात आहे', 'नाव तर होईल' ही संपादकांची भाषा सर्वपरिचित आहे. तिच्यावर वेळ घालवत नाही. आमचा रोख प्राध्यापकवर्गावर अधिक आहे. उत्तरपत्रिका तपासण्याचा दर नगास किती, प्रश्नपत्रिका काढण्याचा किती, तोंडी परीक्षेचा प्रवासभत्ता कसा, हे त्यांना तोंडपाठ असते. ते थकले तर विद्यापीठाला पत्रे जातात, आणि जायलाच हवीत. तेच प्राध्यापक चर्चासत्राच्या खर्चात सभागृहाचे, मांडवाचे, जेवणाचे दर लिहितात आणि बाहेरून आलेल्या लेखकापुढे 'यथोचित मानधन' असे दोन शब्द. मांडववाल्याला यथोचित दिले तर तो खांब उपटून नेईल.

भाषांतर, संपादन, मुद्रितशोधन ह्यांच्या अभ्यासपत्रिका आज अनेक ठिकाणी आहेत, आणि विषयाचे समर्थन 'रोजगाराभिमुख' म्हणून केले जाते. त्यांत समतुल्यतेचे सिद्धांत असतात, अनुवादाचा इतिहास असतो. देयक कसे लिहावे, दर शब्दाचा सांगावा की पानाचा, करारात हक्क विकले जातात की वापराची परवानगी दिली जाते, कापलेल्या कराचा दाखला कुणाकडे मागावा, जूनमध्ये अंदाज कसा बांधावा, ह्यांवर एक तासिका? वांगणीच्या त्या मुलाला रोजगाराभिमुख म्हणून आपण जे देतो त्यात रोजगार तेवढा सोडून सगळे असते. त्याच्या घरात विचारायला कुणी लेखापाल नाही. विभागात आहेत ते आपणच.

ह्याला आमचेच राज्य एक शब्द देऊन बसले आहे. महाराष्ट्रात व्यवसायकर घेतला जातो तो १९७५ च्या कायद्याने, आणि त्याच्या नावात व्यवसाय आहे, व्यापार आहे, नोकऱ्या आहेत आणि 'आजीविका' आहे. वर्षाला अडीच हजारांपलीकडे हा कर जाऊ शकत नाही; ही मर्यादा संविधानात १९८८ मध्ये घातली गेली. अडीच हजार रुपये घेण्यापुरते का होईना, आम्ही करतो त्याला आजीविका म्हणणारा एक कागद ह्या राज्यात आहे. साहित्यसंस्थांच्या पत्रांत तो शब्द आम्हांला अजून दिसायचा आहे.

मध्यंतरी एका महाविद्यालयाकडून आम्हांला अनुवादावरील चर्चासत्राचे निमंत्रण आले. विषय 'अनुवादकाची अदृश्यता'. निबंध, त्याचे दुसऱ्या भाषेत भाषांतर, आणि पुस्तिकेचे मुद्रितशोधन 'आपल्याच माणसांकडून' व्हावे अशी विनंती होती. खाली अर्थातच यथोचित मानधन. आम्ही विनंती मान्य केली आणि सोबत दरपत्रक जोडले: निबंधाचे इतके, भाषांतराचे शब्दाला इतके, मुद्रितशोधनाचे पानाला इतके, रक्कम काम दिल्यापासून तीस दिवसांत. उत्तर आले नाही. चर्चासत्र झाले, असे नंतर कळले.