हरण म्हणायचे कोणी?



तिशियनच्या एका चित्राची ओळख मराठीत लिहायला बसले आणि नावापाशीच अडले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी १५६२ च्या सुमारास पुरे झालेले हे चित्र आज बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयात आहे. गोष्ट ग्रीक पुराणातली, ओव्हिडने सांगितलेली. देवांचा राजा पांढऱ्या बैलाचे रूप घेतो, समुद्रकाठी मैत्रिणींबरोबर खेळणारी राजकन्या युरोपा विश्वासाने त्याच्या पाठीवर बसते आणि तो तिला घेऊन पाण्यात शिरतो. पुढे एका खंडाला तिचे नाव मिळाले. ग्रीसच्या दोन युरोच्या नाण्यावरही ती आहे, बैलासकट. एवढा मान!

इंग्रजीत चित्राचे नाव ‘द रेप ऑफ युरोपा’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पळवून नेणे, असे जाणकार सांगतात. मग ‘युरोपाहरण’ म्हणावे? पण आपला ‘हरण’ तरी कुठे सरळ आहे! सीतेचेही हरण आणि रुक्मिणीचेही. रुक्मिणीने स्वतः निरोप पाठवून कृष्णाला बोलावले होते. सीता भिक्षा घालायला आली होती, एवढेच. सुभद्रेच्या बाबतीत तर महाभारतातला कृष्णच अर्जुनाला सांगतो, की स्वयंवरात तिचे मन कुठे वळेल याचा नेम नाही, तेव्हा पळवूनच ने. तिघींना शब्द एकच. कारण तो बाईच्या बाजूने घडलेलाच नाही, ज्यांच्या घरातून ती गेली त्यांच्या बाजूने घडला आहे.

हे पुराणापुरतेही नाही. मर्जीने लग्न करून गेलेल्या मुलीच्या बापाची तक्रारही ‘पळवून नेली’ अशीच असते. लग्नासाठी अपहरणाचे दंड संहितेतले कलम ३६६ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ८७ झाले. चौकीत मुलीला पहिला प्रश्न तिच्या मर्जीचा विचारतात का, हे तिथली पायरी चढलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

चित्रात युरोपा बैलाच्या पाठीवर उताणी पडली आहे. एका हाताने शिंग घट्ट धरलेले, दुसऱ्या हातात लाल वस्त्र फडफडते आहे. त्या उचललेल्या हाताची सावली नेमकी तिच्या चेहऱ्यावर. त्या सावलीत समीक्षकांनी कधी भीती वाचली, कधी सुख. मला आधी ती पकड दिसते. बुडू नये म्हणून धरलेल्या शिंगाला संमती कशी म्हणायची?

दूर काठावर, अगदी बारीक काढलेल्या तिच्या मैत्रिणी हात उंचावून उभ्या आहेत. सगळे पाहिले ते त्यांनीच. एवढ्या चर्चेत त्यांना साक्षीला बोलावलेले माझ्या वाचनात नाही.