मोटारीला माफी, बसला दामदुप्पट : हा शेवटचा इशारा

मुंबई महापालिका, बेस्ट प्रशासन आणि राज्य सरकार, तिघांनीही कान उघडे ठेवून ऐकावे.

14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींचा टोल माफ झाला. सात महिनेही उलटले नाहीत, तोच 9 मे 2025 पासून बेस्टचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. ज्याच्या दारात मोटार त्याला माफी, जो थांब्यावर ताटकळतो त्याला दामदुप्पट! हा न्याय आम्हाला मान्य नाही.

संतोषनगर, आप्पापाडा, कुरार इथल्या घरकाम करणाऱ्या बाया, रखवालदार आणि नाक्यावरचे बिगारी बसच्या भरवशावर घर सोडतात. बस आली नाही, तर रिक्षात पाय ठेवताच 26 रुपये जातात. उशीर झाला तर खाडा लागतो.

आमच्याच दिंडोशीतून गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता निघतो आहे. उड्डाणपूल, जुळे बोगदे, सगळ्याला पैसा आहे. बेस्टला मात्र 2025-26 च्या 74,427 कोटींच्या अर्थसंकल्पात 1,000 कोटी, म्हणजे शंभरातले दीड रुपयेही नाहीत. स्वमालकीच्या 3,337 गाड्या राखण्याचा 2019 चा करार कागदावरच राहिला. ताफा कंत्राटदारांच्या हाती गेला, आणि कंत्राटदाराने हात वर केले की थांब्यावरचा माणूस अडकतो.

आमच्या मागण्या चार :

1. किमान भाडे पुन्हा 5 रुपये करा.
2. 3,337 गाड्यांच्या खरेदीचे वेळापत्रक जाहीर करा.
3. दिंडोशीच्या वस्त्यांतून मालाड आणि गोरेगाव स्थानकांकडे पहाटे व रात्री उशिरा पुरेशा बस सोडा.
4. जोडरस्त्यावर पहिल्या दिवसापासून बससाठी राखीव मार्गिका ठेवा.

15 जुलै 1926 रोजी मुंबईत पहिली बस धावली. 15 जुलै 2026 ला त्या सेवेची शंभर वर्षे भरतात. तीच तुमची मुदत. तोवर लेखी उत्तर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दिंडोशी आगाराच्या फाटकाशेजारी आम्ही बेमुदत ठिय्या देऊ. एकही बस अडवणार नाही, कारण तिच्यात आमचीच माणसे असतील. पण उत्तर घेतल्याशिवाय उठणारही नाही.

दिंडोशीकरांनो, तिकिटे जपून ठेवा. त्या दिवशी तोच आपला पुरावा असेल.